सरांची ओळ

दर्शना गमरेला राग येत नाही, असं आमच्या ऑफिसात सगळे म्हणायचे. येतो. मी पाहिलाय. पण तो येण्याआधी ती समोरच्याला इतक्यांदा संशयाचा फायदा देते, की तोवर समोरचा माणूस घरी जाऊन, जेवून, वामकुक्षी आटोपून मोकळा झालेला असतो. माझं तसं नाही. माझा राग आधी येतो, कारण मागाहून धापा टाकत येतं. म्हणून हे मी लिहितेय. तिच्यावर सोडलं असतं, तर ‘त्यांचीही काही बाजू असेल’ म्हणून तिनं कागद कोराच ठेवला असता.

मी सानिका. मारुती मंदिरच्या चौकातून थोडं आत गेलं की एका मेडिकलच्या वर आमचं ऑफिस. मासळीची शीतगृहं आणि बर्फाचे कारखाने यांच्या तापमानावर लक्ष ठेवायची यंत्रणा आम्ही करतो. शीतगृहात एक छोटा डबा बसवतात. तो तापमान मोजून मालकाच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरकडे पाठवतो. सगळं बरं असेल तर पडद्यावर आकडा हिरवा. तापमान चढलं, किंवा डब्याशी बोलणं तुटलं, तर लाल, आणि भोंगा. माझं काम फोन घ्यायचे आणि शिव्या खायच्या. दर्शनाचं काम ते बोलणं चालू ठेवायचं. आणि कंपनी प्रमोद सरांची.

सरांबद्दल आधी चांगलं सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी मला एकांगी म्हणायला नको. कंपनीच्या आधी ते कॉम्प्युटरचे क्लास घ्यायचे. सी ही भाषा फळ्यावर शिकवायचे. हात कीबोर्डवर गेला की डोकं बंद पडतं, हे त्यांचं मत. पोफळीहून आलेली दर्शना तेव्हा नुकती बारावी झालेली, नात्यातल्या कुणाकडे राहायची, आणि तिच्याकडे कॉम्प्युटर नव्हता. सरांनी वर्गाची किल्ली तिच्या हातात दिली. ‘रिकामा असेल तेव्हा ये, बस,’ म्हणाले. पुढे कंपनी काढली तेव्हा त्यांनी पहिला फोन तिला केला. तिला पुण्याची नोकरी चालून आली होती, ती तिनं सोडली, कारण सर ‘आपण करू’ म्हणाले होते. त्या ‘आपण’वर ती बरीच वर्षं जगली.

तिचे वडील सहदेव गमरे पोफळीच्या पॉवरहाऊसमध्ये होते. दर्शना कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये वाढली. चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात खणखणीत भाषण करणारी आणि एरवी तोंड न उघडणारी. वडिलांची ड्यूटी कंट्रोल रूममध्ये. तिथं मशीन ट्रिप झालं की पॅनेलवर एक छोटी खूण पडते, तिला ते फ्लॅग म्हणतात. मशीन कशानं थांबलं ते फ्लॅग सांगतो. घाईघाईनं रिसेट दाबलं की फ्लॅग वर जातो आणि कारण कायमचं गेलं. सहदेवकाकांनी घरात हाच नियम लावला होता. पोर रडायला लागलं की गप्प करायचं नाही, आधी का रडतंय ते विचारायचं. लहानपणी दर्शनाला वाटायचं, सगळ्यांच्याच घरी असं असतं.

हे सगळं तिनं मला एकदा डबा खाताना सांगितलं. सुकटाच्या कालवणात भाकरी बुडवता बुडवता मला सॉकेटचं शिक्षण मिळालं. दोन मशीन एकमेकांशी बोलतात, तेव्हा प्रत्येकाच्या टोकाला एक सॉकेट असतं. बोलणं फसलं की प्रोग्रामला एवढंच कळतं की काम झालं नाही. का झालं नाही, ते वेगळं विचारावं लागतं. आणि खरी मजा पुढे आहे. शीतगृहातल्या डब्यात लिनक्स, मालकाच्या टेबलावर विंडोज. लिनक्स कारणाचा आकडा एका ठरलेल्या जागी ठेवून देतो. विंडोज सॉकेटच्या बाबतीत त्या जागेकडे ढुंकूनही बघत नाही, त्याला कारण विचारायचं दार निराळं. समोरच्यानं जोडणी नाकारली, तर लिनक्स म्हणतो एकशे अकरा, विंडोज म्हणतो दहा हजार एकसष्ट. सॉकेट बंद करायची आज्ञासुद्धा दोघांची वेगळी.

‘म्हणजे दोन सासरं सांभाळायची,’ मी म्हटलं.

‘आणि दोघांच्याही तक्रारी एकाच भाषेत माहेरी कळवायच्या,’ ती हसून म्हणाली.

त्यासाठी तिनं मधला एक थर लिहिला होता. त्याचं नाव दुवा. लिनक्स असो की विंडोज, दुवा त्यांच्या शेकडो आकड्यांतून मोजकी उत्तरं काढायचा: ठीक, थांब, पुन्हा कर, समोरचा गेला, वाट नाही, माहीत नाही. बाकीच्या प्रोग्रामनं तेवढंच ऐकायचं. दुव्यात तिचा एकच कडक नियम होता. काम फसलं की दुसरं काहीही करायच्या आधी कारण उचलून बाजूला ठेवायचं, कारण ती जागा एकच असते आणि पुढचं काम तिथं आपलं काहीतरी लिहून जाऊ शकतं. वडिलांचा फ्लॅगच तो. सरांनी फळ्यावर हे शिकवलं तेव्हा वर्गात पहिला हात तिचा वर गेला होता, असं सरच कौतुकानं सांगायचे. गिऱ्हाइकापुढे सांगायचे, माझ्यापुढे सांगायचे, जेवायला गेलं तर वाढप्यालाही सांगतील की काय असं वाटायचं.

आता मुद्द्यावर येते.

बंदराजवळ काशीरामशेटचं शीतगृह आहे. कोळंबी, सुरमई, म्हाकुल, सगळं तिथून बाहेर जातं. काशीरामशेट आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. त्यांनी मागणी केली की बोलणं कधी कधी तुटतं त्याची नोंद एका फाइलमध्ये राहावी. दर्शना तेव्हा मावसबहिणीच्या लग्नाला दापोलीकडे मुरुडला गेली होती. ती येईपर्यंत थांबायला काय हरकत होती? पण सरांना हुक्की आली. त्यांनी स्वतः दुवा उघडला आणि नोंद करणारी ओळ घातली. संध्याकाळी माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, ‘सानिका, अजून हात चालतो हं आपला.’ लहान मुलासारखे खूष होते. मी चहा मागवला.

ओळ बरोबर होती, जागा चुकीची होती. काम फसणं आणि कारण विचारणं, या दोहोंच्या मधोमध सरांनी फाइल उघडून लिहायला लावलं. ज्यानं जन्मभर फळ्यावर ‘आधी कारण उचला’ असं लिहिलं, त्याच माणसानं. बरं, त्यांनी करून पाहिलं ते स्वतःच्या लॅपटॉपवर, आणि त्यात लिनक्स. तिथं फाइल नीट उघडली गेली तरी आधीचं कारण जागेवर राहिलं. वायर काढली, भोंगा वाजला, सर समाधानानं घरी गेले. काशीरामशेटच्या टेबलावर मात्र विंडोज. तिथं फाइल उघडायचं काम सुरळीत झालं आणि कारणाची जागा पुसून शून्य झाली. दुव्यानं शून्य पाहिलं. शून्य म्हणजे कसलीच चूक नाही. त्यानं सांगितलं, ठीक.

त्यानंतरच्या सोमवारी सकाळी काशीरामशेटच्या माणसांनी शीतगृहाचं दार उघडलं आणि वासानं मागे सरली. शीतगृहापुरती वीज ट्रिप झाली होती, कॉम्प्रेसर बंद, आमचा डबाही बंद. आणि ऑफिसातल्या पडद्यावर शनिवारचाच उणे अठरा, हिरवागार. फोन मी घेतला. काशीरामशेटनी काय काय म्हटलं ते लिहीत नाही, मला घरी पोरं आहेत.

दर्शना लग्नाहून परतली होती. ती तडक तिकडे गेली, मी बरोबर. नव्या फाइलमध्ये नोंदी होत्या. प्रत्येकीत कारणाच्या पुढे शून्य. तिनं लॅपटॉपवर दुवा उघडला, खाली-वर केलं आणि थांबली.

‘कळलं?’ मी विचारलं.

‘कळलं.’

‘कुणाची चूक?’

‘दोघांची,’ ती म्हणाली. ‘फसलेल्या कामाचं कारण शून्य येईल हे मी धरलंच नव्हतं. शून्य आलं तरी माहीत नाही असं म्हणून भोंगा वाजवायला हवा होता. ती अर्धी चूक माझी.’

‘आणि उरलेली अर्धी सरांची. त्यांनीच मला येऊन सांगितलंय ओळ घातल्याचं.’

‘सर सांगतील ना ते,’ ती म्हणाली. इतक्या सहज, जणू पाऊस आला तर छत्री उघडतील.

ऑफिसात परत आल्यावर तिनं लॅपटॉप सरांपुढे ठेवला. ‘ही तुमची ओळ’ असं ती म्हणाली नाही. ज्यांनी आपल्याला शिकवलं त्यांच्याकडे बोट दाखवायचं तिला जमलंच नसतं. ‘हे मधे आलंय, सर,’ एवढंच म्हणाली. सरांनी पाहिलं. ‘हं,’ म्हणाले. चष्मा काढून पुसला. ‘उद्या बोलू काशीरामशेटशी.’ तिनं त्याच दुपारी दोन्ही चुका दुरुस्त केल्या, स्वतःचीही आणि त्यांचीही.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं काशीरामशेटच्या ऑफिसात बसलो. त्यांनी कोकमाचं सरबत मागवलं. माणूस रागावला तरी रीत सोडणारा नव्हे.

‘मला तुमचं ता लिनक्स-बिनक्स काय कळत नाय,’ ते म्हणाले. ‘भोंगा वाजूक हवा होता, वाजला नाय. कुणी चुकवलंन, एवढंच सांगा.’

सर काही बोलायच्या आत दर्शना बोलली. सरळ, स्वच्छ, एकही शब्द इकडे-तिकडे न करता. शून्य म्हणजे सगळं ठीक असं तिनं गृहीत धरलं, ते धरायला नको होतं, ती चूक तिची. मग ती थांबली आणि सरांकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती की राग नव्हता. आपल्या वाटचं गाणं संपवून पुढच्या कडव्यासाठी माणूस जोडीदाराकडे बघतो ना, तशी ती बघत होती.

सरांनी सरबताचा ग्लास उचलला.

माझ्यानं राहवेना. ‘आणि ती फाइलची ओळ...’ मी सुरू केलं.

दर्शनानं टेबलाखाली माझा हात दाबला. ‘थांब गो. सर सांगतील.’

सरांनी सरबत संपवलं. ग्लास टेबलावर नीट ठेवला, रुमालानं ओठ टिपले. ‘काशीरामशेट,’ ते म्हणाले, ‘मुलगी प्रामाणिक आहे. तिनं कबूल केलंय. आता विषय वाढवू नका. यापुढे मी जातीनं लक्ष घालीन.’

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती मला त्या खुर्चीत बसून कळली. पण दर्शना उठली. कुणाकडेही न बघता दारातून बाहेर पडली. तिचा चेहरा पांढरा पडला होता, म्हणून काशीरामशेटना आणि सरांना तिथंच सोडून मी तिच्यामागे धावले. जेट्टीवर जाळी वाळत पडली होती, त्यांच्या कडेकडेनं ती चालत राहिली. मी काय काय बोलत होते, मलाही आठवत नाही. एवढं आठवतं की मी ‘केसानं गळा कापला तुझा’ म्हटल्यावर ती गर्रकन वळली.

‘तसं म्हणू नको. त्यांना आठवलं नसेल. रोज इतक्या ठिकाणी हात घालतात. त्यांना ती ओळ माझीच वाटली असेल.’

पुढचे सगळे महिने ती या एका वाक्यावर टेकून उभी राहिली.

मी गप्प बसणारी नाही. दुसऱ्या दिवशी काशीरामशेटना फोन करून खरं काय ते सांगितलं. ते म्हणाले, ‘आता कशाला गो ता? तिनं स्वतःच्या तोंडानं कबूल केलंन ना? न केलेलं उगाच कोण अंगावर घेतंय?’ त्यांचंही चूक नव्हतं म्हणा. मग सरांच्या केबिनमध्ये गेले आणि तोंडावर म्हटलं, ‘ती ओळ तुम्ही घातली होती.’ सर म्हणाले, ‘असं का? असेलही. बघावं लागेल.’ त्यांनी कधीच बघितलं नाही. आठवड्याभरात दुवा पुण्याच्या कुणा मंडळींकडे गेला, कारण ‘दर्शना मॅडमनी आमच्या मशीनला हात लावायचा नाय’ ही काशीरामशेटची अट सरांनी मान्य केली होती. बर्फाच्या कारखान्यांची बिलं छापायचा प्रोग्राम दर्शनाकडे आला. ती बिलं छापायला लागली. बंदरावर गोष्ट पसरायला काय वेळ लागतो? ‘ती गमरेबाई, जिच्यापायी काशीरामची कोळंबी कुसली,’ अशी तिची ओळख झाली. नव्या गिऱ्हाइकांच्या फोनवर मला ते ऐकायला मिळायचं. मी फोन आपटायचे.

कुवारबावच्या तिच्या ब्लॉकमध्ये सहदेवकाका तिच्याबरोबरच राहतात. त्यांचाही सरांवर जीव. ‘सर मुद्दाम नाय करायचे, बाय,’ ते तिला सांगायचे. ‘तू एकदा त्यांना विचार.’ ती विचारत नव्हती. मला तेव्हा तिचा भयंकर संताप यायचा. एवढी घट्ट, एवढी हुशार बाई, आणि एका प्रश्नाला घाबरते? आता कळतं, की जोवर विचारलं नव्हतं, तोवर ‘आठवलं नसेल’ हे खरं असू शकत होतं.

पावसाळा गेला, बोटी पुन्हा समुद्रात गेल्या. एका रविवारी दुपारी मी कुवारबावला तिच्याकडे जेवायला गेले होते. जेवणं झाली आणि बेल वाजली. दारात सर.

सहदेवकाकांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं. सर थकलेले दिसत होते. थोडं इकडचं तिकडचं झालं आणि मग खरं बाहेर आलं. शीतगृहांतले डबे मधेच मरत होते. कारण नाही, नोंद नाही, प्रोग्राम चालता चालता नाहीसा. विंडोजवर सगळं ठीक. पुण्याच्या मंडळींनी हात टेकले होते.

‘तू घरून बघ, दर्शना,’ सर म्हणाले. ‘नाव कुठे पुढे येणार नाही, ती काळजी मी घेईन. आपलंच काम आहे.’

मला वाटलं, आता ही त्यांना चांगलं सुनावते. पण तिनं आधी उत्तर दिलं. ‘लिनक्समध्ये, समोरच्यानं बंद केलेल्या सॉकेटवर लिहायला गेलं की नुसती चूक कळत नाही, सिग्नल येतो. तो अडवला नाही तर प्रोग्राम जागच्या जागी मरतो. विंडोजमध्ये तसं काही नसतं. तो अडवणारी ओळ मी दुव्यात घातली होती. पुण्याच्या मंडळींनी ती निरुपयोगी समजून काढली असेल. परत घालायला सांगा.’

सरांनी सुटल्यासारखा श्वास सोडला. ‘बघ, म्हणून म्हणतो...’

‘सर, एक विचारू?’

‘विचार की.’

‘त्या दिवशी काशीरामशेटकडे मी माझं सांगून तुमच्याकडे बघितलं. फाइलची ओळ तुम्ही घातली होती, हे तुम्हाला तेव्हा आठवत होतं?’

सहदेवकाका खुर्चीत पुढे सरकले. सरांना खोटं बोलणं अगदी सोपं होतं. ‘नाही गं, कुठलं आठवायला,’ एवढं म्हटलं असतं, की तिनं तिथंच लॅपटॉप उघडला असता. ते का बोलले नाहीत, हे मला अजून कळलेलं नाही. कदाचित तिच्यासमोर खोटं बोलायची त्यांनाही लाज वाटली असेल. तेवढं त्यांच्या बाजूनं लिहून ठेवते.

‘आठवत होतं,’ सर म्हणाले. ‘माझी चूक काशीरामनं पोटात घातली नसती. सगळंच संपलं असतं. तुझी घालणार, हे मला माहीत होतं. आणि तू समजून घेशील, याची खात्री होती.’

‘बरं,’ दर्शना म्हणाली.

नुसतं बरं. ‘बरं, सर’ नाही. इतक्या वर्षांत मी ते पहिल्यांदा ऐकलं. सरांनीही ऐकलं असावं, कारण ते उठताना अडखळले. काही तरी बोलायचं होतं त्यांना, पण तिनं जाऊन दार उघडलं होतं. ते जिन्यावरून उतरले. कुणी त्यांना सोडायला खाली गेलं नाही.

दार लावून ती तिथंच जमिनीवर बसली आणि रडली. आवाज करून, नाक पुसत, लहान मुलीसारखी. सहदेवकाका तिच्या शेजारी जमिनीवर बसले. मी पाणी आणलं. दोन घोट घेऊन ती माझ्याकडे बघत म्हणाली,

‘विसरले असते ना गो, तर त्यांची चूक मी जन्मभर माझ्या नावावर ठेवली असती.’